वार्ताहर शाहीर : अण्णाभाऊंची बातमी आणि आपली

परवा आमच्या वस्तीत 1 ऑगस्टच्या कार्यक्रमावरून बोलाचाली झाली. एक कार्यकर्ता, चांगला शिकलेला, म्हणाला, "अण्णाभाऊंचे पोवाडे आता कोण ऐकणार? स्टालिनग्राड, बर्लिन, बंगालचा दुष्काळ. सगळ्या जुन्या बातम्या. पेपर शिळा झाला की वडे बांधायला." दुसरा त्याच्याही पुढचा. तो म्हणाला, "आणि मुळात ते आपले होते का? लाल बावट्याचे होते."

मी गप्प बसलो. मला जागच्या जागी उत्तर सुचत नाही. रात्रपाळीला गेलो, रिंगखात्यात तुटलेले धागे सांधत राहिलो आणि डोक्यात तेच. हा लेख म्हणजे त्या दोघांना उशिरा दिलेलं उत्तर आहे. पहिल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, दुसऱ्याचंही अर्धं खरं आहे. म्हणून तर लिहायला बसलो. साफ खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

अण्णाभाऊंबद्दल आपण तीन गोष्टी पाठ केल्यात. दीड दिवसाची शाळा, 'फकिरा', आणि चिरागनगरची झोपडी. ह्या तिन्हीत एक गोष्ट राहून जाते. हा माणूस वार्ताहर होता. 1945च्या सुमाराला कम्युनिस्ट पक्षाच्या 'लोकयुद्ध' साप्ताहिकात ते बातमीदारी करत होते. त्याच्या एक वर्ष आधी, 1944 साली, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांच्या बरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. म्हणजे दिवसा बातमी आणि रात्री डफ. मला वाटतं, हे दोन धंदे नव्हते, एकच होता. हे एकदा धरलं की त्यांच्या शाहिरीचं बळ कुठं आणि कमी कुठं, दोन्ही उलगडतं.

अण्णाभाऊंच्या पोवाड्यांची नुसती नावं वाचा. 'स्टालिनग्राडचा पोवाडा', 'बर्लिनचा पोवाडा', 'बंगालची हाक', 'पंजाब-दिल्लीचा दंगा', 'तेलंगणाचा संग्राम', 'अमळनेरचे अमर हुतात्मे', 'काळ्या बाजाराचा पोवाडा'. ही काव्यसंग्रहाची अनुक्रमणिका वाटते काय? हे तर पेपराचं पहिलं पान आहे. परदेश, देश, प्रांत, बाजारभाव. सगळे कॉलम भरलेले.

असं सांगतात की त्यांचं पहिलं गाणं माटुंग्याच्या लेबर कॅम्पातल्या मच्छरांवर होतं. पांढरपेशा समीक्षक ह्यावर हसेल. मला त्यात फार मोठी गोष्ट दिसते. पहिलं गाणं चंद्रावर नाही, देवावर नाही, प्रेमावरसुद्धा नाही. वस्तीत रात्री माणसांना झोपू न देणारा जो प्रश्न होता त्यावर. ही स्थानिक बातमी झाली. बातमीदाराचा पिंड तिथंच दिसतो.

आता 'बातमी म्हणजे शिळं होणारं' ह्या आक्षेपाकडे येतो.

पोवाडा मुळात बातमीच आहे. अज्ञानदासानं अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला तो शिवकाळात. छापखाना नाही, पेपर नाही, तेव्हा प्रतापगडाखाली काय झालं हे रयतेला कळायचं कसं? शाहिराच्या तोंडून. मात्र पुढं पोवाडा ज्यानं बिदागी दिली त्याच्या घरची बातमी सांगू लागला. त्याला रयतेच्या अंगणात परत आणला जोतीबांनी. 1869 साली त्यांनी शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला आणि कुळवाड्यांचा राजा दाखवला. बातमी तीच, पण सांगणारा बदलला की सांगणं बदलतं. आपल्या चळवळीचा सगळा झगडा ह्या एका वाक्यात बसतो.

बाबासाहेबांना हे फार लवकर कळलं होतं. 'मूकनायक' निघालं 31 जानेवारी 1920 ला. अण्णाभाऊ वाटेगावात जन्मले 1 ऑगस्ट 1920 ला. सहा महिन्यांचं अंतर. पुढं 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1930 ला 'जनता', 1956 ला 'प्रबुद्ध भारत'. पैसा नाही, जाहिरात नाही, तरी बाबा पेपर काढत राहिले. कारण आपली बातमी दुसरा कुणी छापणार नव्हता. छापलीच तर आपल्याला गुन्हेगार करून.

पण मित्रांनो, पेपर निघाला तरी तो वाचणार कोण? लोकांना अक्षरओळख कुठं होती? एकानं वाचायचा आणि पंचवीसांनी ऐकायचा. आणि जिथं वाचणारा एकही नव्हता तिथं जलसा पोचला. भीमराव कर्डकांच्या जलशाला बाबासाहेब आपल्या दहा सभांइतकं मोल देत, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. महाडचं तळं, काळाराम मंदिर, पुणे करार ही प्रकरणं गावकुसाबाहेर गेली ती डफावर आणि ढोलकीवर. तेव्हा गाणारा आणि पेपरवाला आपल्याकडे कधी वेगळे नव्हतेच. 'जनते'चं गाणं म्हणजे जलसा आणि जलशाचा छापील कागद म्हणजे 'जनता'. अण्णाभाऊ ह्याच परंपरेत बसतात, फक्त दुसऱ्या झेंड्याखाली. त्यांनी तमाशातला गण बदलला. गणपतीला हात न जोडता मायभूमीला जोडले. गवळण काढून टाकली. आंबेडकरी जलशांनीही जुन्या गणाला असाच फाटा दिला होता. त्या वेळच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याचं लोकनाट्य केलं आणि तेच पुन्हा लोकांपुढे नेलं. ह्याला म्हणतात धंद्याची जाण.

आता 'स्टालिनग्राडचा पोवाडा'. 1942-43च्या हिवाळ्यात त्या शहरात हिटलरची फौज अडकली आणि 2 फेब्रुवारी 1943 ला शरण आली. अण्णाभाऊ तेव्हा मुंबईच्या कामगारवस्तीत. रशिया पाहिला नव्हता. ते रशियाला गेले 1961 साली, त्याच्यावर 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. म्हणजे पोवाडा आधी आणि शहर नंतर. मग लिहिलं कशावरून? पेपरातल्या तारा आणि पक्षाच्या सभा ह्यांवरून. तरी तो पोवाडा चाळीचाळीत गेला. का गेला? कारण बातमीतली घरोघरची लढाई त्यांनी चाळीतल्या माणसाला कळेल अशी केली. एकेक जिना, एकेक खोली, एकेक मजला लढवायचा, हे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. लांबची बातमी जवळ आणणं ही शाहिराची पहिली कसोटी. इथं अण्णाभाऊ पैकीच्या पैकी पास आहेत.

पण दुसरी कसोटी आहे आणि तिथं मला भांडायचं आहे.

पेपर कुणाचा, ह्यावर बातमी ठरते. 'लोकयुद्ध' हे नावच घोषणा आहे. हिटलरनं 1941 साली रशियावर चाल केली आणि कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी साम्राज्यवाद्यांचं युद्ध लोकांचं युद्ध झालं. पक्षाच्या पेपराची नजर जिकडे, तिकडे पक्षाच्या शाहिराचा डफ. त्यामुळं नानकिंगला पोवाडा मिळाला, बर्लिनला मिळाला. महाडच्या तळ्याला? अण्णाभाऊंच्या गाजलेल्या पोवाड्यांच्या यादीत चवदार तळं मला सापडत नाही. व्होल्गाचं पाणी आलं, आणि कोकणातल्या ज्या पाण्यासाठी माणसांची डोकी फुटली ते आलं नाही. हे अण्णाभाऊंचं मन कोतं म्हणून नाही. ज्या खात्यात ते बातमीदार होते त्या खात्याच्या वहीत 'जात' हा रकाना नव्हता, म्हणून.

'मुंबईची लावणी' घ्या. काय ताकदीची रचना आहे! बातमीदाराच्या पायांनी केलेला मुंबईचा फेरफटका. मलबार हिलवर कुबेराच्या घरचं सुख आणि परळात रात्रंदिवस राबून मिळेल ते खाणारी माणसं. आकडा एक नाही, तरी वर्गाचा सगळा हिशोब मांडलेला. लावणी म्हणजे बाईचं रूप, हे समीकरण मोडून त्यांनी शहराचं रूप लावणीत बसवलं, आणि रूपाखालचं नासकंही. मी गिरणीतला, मला ती लावणी आतून कळते. पण त्याच परळात गिरणीचं एक खातं असं होतं की तिथं अस्पृश्य कामगाराला पाय ठेवू देत नव्हते. साचाखातं. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या, मांगाच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. पगार साचाखात्यात जास्त, म्हणून जातीची किंमत दर महिन्याला पाकिटात मोजून कळायची. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. परळातला घाम लावणीत आला. त्या घामाची जातवार वाटणी आली नाही. वार्ताहर परळात उभा होता, साचाखात्याच्या दारापाशी पोचला नाही.

इथं दुसऱ्या मित्राला बरं वाटलं असेल. 'बघा, मी म्हणत होतो.' थांब गड्या. अजून उत्तर संपलं नाही.

बातमी आणि गाणं ह्यांचं लग्न कसं लागतं हे बघायचं तर 'माझी मैना' ऐकायची. छक्कड आहे. पोटासाठी मुंबईला आलेला एक जण गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचं दिसणं, निघताना तिची झालेली दशा. ऐकणारा रंगून जातो, त्याला वाटतं शृंगार चाललाय. आणि मग गाणं वळतं. ज्या मुंबईत हा राहतो त्या मुंबईसाठी लढा पेटलाय, संयुक्त महाराष्ट्राचा. आणि जशी मैना ताटातूट होऊन गावाकडे राहिली तसे बेळगाव, कारवार, निपाणी हे भाग महाराष्ट्रापासून तुटून राहिलेत. पहिल्या अर्ध्यात जे मन हललं तेच मन दुसऱ्या अर्ध्यात बातमीला जोडलं जातं. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला, ते भाग बाहेरच राहिले, म्हणून बातमीसुद्धा जिवंत राहिली. पण समजा उद्या सीमाप्रश्न मिटला, तरी ही छक्कड मरणार नाही. जोवर माणूस पोटासाठी गाव सोडतो आणि घरचं माणूस मागं राहतं तोवर ती चालणार. आमच्या खात्यात बिहार-ओरिसाची पोरं आहेत. मराठी अक्षर येत नाही. एकानं मोबाईलवर ही छक्कड लावली, मी मोडक्या हिंदीत अर्थ सांगितला, तर एक जण मशीन सोडून तोंड धुवायला गेला. शिळी बातमी असं करते काय?

तेव्हा पहिल्या मित्राला माझं उत्तर असं. बातमी शिळी होते हे खरं. पण ज्या पोवाड्यात फक्त 'काय झालं' एवढंच आहे तोच शिळा होतो. ज्यात 'कुणावर झालं' हे माणसासकट आलं, तो टिकतो. 'काळ्या बाजाराचा पोवाडा' आज फडावर उभा राहणं कठीण, 'मैना' उभी राहते. अण्णाभाऊंचं सगळं एकाच तराजूत टाकून 'सगळंच थोर' म्हणणारे भक्त आणि 'सगळंच प्रचारी' म्हणणारे मास्तर, दोघंही न ऐकताच बोलतात.

ह्याच वाटेनं ते कथेकडे गेले असं मला वाटतं. 'स्मशानातलं सोनं' ही कथा बघा. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीत काम करतो, खाण बंद पडते. मग तो मसणवटीतली राख चाळून, पुढं तर प्रेतं उकरून सोनं काढतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन प्रेताच्या जबड्यात हात घालतो आणि बोटं गमावतो. आणि दुसऱ्या दिवशी कळतं, खाण पुन्हा सुरू झाली. मोठ्या पेपरात ही बातमी चार ओळींची असती. 'प्रेत उकरणारा इसम जखमी.' इसम! त्या इसमाला नाव देणं, गाव देणं, बंद पडलेली खाण आणि तुटलेली बोटं एकाच दोरीत ओवणं, हे काम वार्ताहराच्या डोळ्याचं आणि शाहिराच्या काळजाचं आहे. 'का झालं' हा प्रश्न अण्णाभाऊंना पोवाड्यात पुरा विचारता आला नाही, तो त्यांनी कथेत विचारला.

आणि आता दुसऱ्या मित्राला. अण्णाभाऊ लाल बावट्याचे होते, होतेच. लपवायचं काय त्यात? महाडच्या परिषदेची उभारणी करणारे आर. बी. मोरे तरी पुढं कोणत्या पक्षात गेले? आणि 7 नोव्हेंबर 1938 च्या काळ्या बिलाविरुद्धच्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला उभे होते. भांडण होतं आणि रस्ताही काही ठिकाणी एक होता.

तरी अण्णाभाऊ कुठं चालत होते ते पाहा. 1958 सालच्या 2 मार्चला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्‌घाटन त्यांनी केलं. पृथ्वी शेषाच्या फण्यावर नसून दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, असं ते तिथं बोलले. 1959 ला 'फकिरा' आली. ती अर्पण कुणाला? बाबासाहेबांच्या लेखणीला. नीट ऐका, लेखणीला. 'मूकनायक' काढणाऱ्या हाताला एका वार्ताहरानं केलेला हा जयभीम आहे. आणि भीमरावांनी जग बदलायला सांगितलं असं म्हणणारं त्यांचं गाणं तर आपल्या प्रत्येक मोर्चात असतं. त्यात एका दमात दोघांवर बोट ठेवलंय, धनवानांनी पिळलं आणि धर्मवेड्यांनी छळलं. 'मुंबईच्या लावणी'त जो रकाना रिकामा होता तो इथं भरला. लेबर कॅम्पातल्या मच्छरांपासून निघालेला शाहीर इथपर्यंत आला होता. ह्या वाटचालीला चौदा-पंधरा वर्षं लागली. आपल्याला अजून किती लागणार?

कारण आपलं काय चाललंय? बाबासाहेबांचा फोटो ह्या वस्तीत, अण्णाभाऊंचा त्या वस्तीत, मधे नाला. 14 एप्रिलला ते येत नाहीत, 1 ऑगस्टला आपण जात नाही. 2024 सालच्या 1 ऑगस्टला, बरोबर जयंतीच्या दिवशी, सुप्रीम कोर्टाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला. नाल्याच्या एका काठाला पेढे आणि दुसऱ्या काठाला निषेध. निकालावर मत काहीही असो, त्यावर वाद करू, करायलाच हवा. पण त्या दिवशी एकमेकांच्या वस्तीत जाऊन 'तुमचं म्हणणं काय' असं विचारणारा एक वार्ताहर आपल्याकडे नव्हता. सगळे व्हॉट्सअॅपवर शिव्या पाठवण्यात गुंग. आपण अण्णाभाऊंना 'ते आपले नव्हेत' म्हणतो तेव्हा नाला अजून रुंद होतो, एवढंच.

घाटकोपरची गोष्ट सांगून थांबतो. 18 जुलै 1969 ला गरिबीतच गेलेल्या अण्णाभाऊंचं चिरागनगर ज्या घाटकोपरात आहे, त्याच घाटकोपरात रमाबाई आंबेडकर नगर आहे. 11 जुलै 1997 ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. आयुष्यभर लाल गाणी गाणाऱ्या त्या माणसानं मरताना कपाळाला निळी पट्टी बांधली होती. मी त्या मरणाचं गाणं करणार नाही. असा शाहीर आपल्याला जिवंत हवा होता. पण लाल की निळा ह्या प्रश्नावर माईकपुढं भाषण ठोकणाऱ्यांनी ती पट्टी एकदा आठवावी. एकाच कपाळात दोन्ही होतं आणि ते समजून घ्यायला आपल्यातला कुणी वेळेवर पोचला नाही.

आणि खैरलांजी? 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. मोठ्या पेपरांना ती जातीची बातमी आहे हे कळायला महिना गेला. तोवर भलत्याच कुजबुजी छापून आल्या. आपली माणसं गावात गेली, कागद गोळा केले, तेव्हा खरं बाहेर आलं. 'मूकनायक' निघाल्याला 86 वर्षं झाली होती तेव्हा.

सरकारला मात्र ह्या धंद्याचं महत्त्व बरोबर कळतं. 2020 सालच्या सप्टेंबरात कबीर कला मंचाचे तिघे गाणारे एल्गार परिषदेच्या खटल्यात अटकेत गेले. 2022 सालच्या सप्टेंबरात मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला, हारतुरे झाले. मेलेल्या शाहिराला पुतळा आणि जित्याला कोठडी. पुतळा बातमी देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्यात कवी पुष्कळ झाले, मीही त्यातलाच एक. अंधार, सूर्य, ज्वालामुखी, मशाल हे शब्द आपण झिजवून टाकले. एकदा गाणं लिहिण्याआधी जागेवर जाऊन या. कुठल्या गावात, कुठल्या तारखेला, कुणाच्या विहिरीवर, कुणाचा हात मोडला, पोलिसानं काय लिहून घेतलं, काय लिहून घेतलं नाही, हे वहीत उतरवा. मारल्या गेलेल्याचं नाव त्याच्या आईच्या तोंडून ऐका. मग डफ घ्या. गाणं शिळं झालं तर झालं. तोवर त्यानं आपलं काम केलेलं असेल. आणि त्यातलं एखादं 'मैने'सारखं टिकलं तर ते आपल्या हातात नाही, लोकांच्या तोंडात आहे.

येत्या 1 ऑगस्टला मी नाल्यापलीकडच्या वस्तीत जाणार आहे. वही घेऊन. त्या दोघा मित्रांनाही बोलावलंय. एक तरी येईल असं वाटतं.

जयभीम.